जुनी कट्यार घेऊ का? खरी की बनावट कसं ओळखायचं?

रानवाट
मंडळी, शस्त्रांतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. घरात धारदार म्हणून विळी आणि फार तर नारळ सोलायचा कोयता. पण गेल्या रविवारी पुण्यात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात समई बघायला गेलो आणि कट्यारीपाशी अडकलो.

दुकानदार म्हणतो पेशवाईतली आहे, अडीचशे वर्षांची. "सरदार घराण्यातून आलीय साहेब, नाव सांगता येत नाही." बावीस हजार म्हणाला. मी काहीच न बोलता उभा राहिलो तर आपणहून एकोणीसवर आला.

मोबाइलच्या पट्टीने मापलं. एकूण लांबी ४० सें.मी.च्या आसपास, त्यात पातं साधारण २३. मुठीजवळ पात्याची रुंदी ६ सें.मी.हून जास्त. पातं दुधारी, मधून दोन पन्हळी गेल्यात. टोक बाकीच्या पात्यापेक्षा जाड लागतं. मुठीच्या आडव्या दांड्या दोन, मध्ये फुगीर. पातं मुठीला तीन रिव्हेटांनी धरलंय. बाजूच्या पट्ट्यांवर सोनेरी वेलबुट्टी, पण निम्म्याहून जास्त झिजलेली. एक आडवी दांडी किंचित हलते.

आणि दांड्या जिथे पट्ट्यांना मिळतात त्या सांध्यात तांबडं काहीतरी वाळून बसलंय. "हे काय?" विचारलं तर दुकानदार आवाज खाली आणून म्हणाला, "ते विचारू नका."

फोटो काढू दिले नाहीत. खरी असेल का? घ्यावी का? घरात ठेवायला काही कायदा आड येतो का?

इरसाल_कारटं
शीर्षकात कट्यार वाचून दोन नाट्यपदं ऐकायला मिळतील म्हणून आलो होतो. इथे तर रक्त निघालं.

मीठभाकर
"सरदार घराणं, नाव सांगता येत नाही." जुन्या बाजारात आजवर मला एकही वस्तू कारकुनाच्या घरातून आलेली भेटली नाही. पेशवाईत सगळे सरदारच होते बहुतेक, हिशेब कोण लिहीत होतं देव जाणे.

नका घेऊ. एकोणीस हजारांत समई येईल, वर वर्षभराचं तेल.

नवा_गडी
चुंबक लावून बघा. चिकटलं तर खरी.

ऐरण
@नवा_गडी, चुंबक काल घडवलेल्या कोयत्यालाही चिकटतं.

रानवाट, आमच्या आजोबांचा भाता होता. मी स्वतः कधी पोटासाठी घण मारला नाही, पण लहानपण ऐरणीशेजारी गेलं. कट्यारी मोजक्याच हाताळल्यात, तरी लोखंड काय सांगतं तेवढं सांगतो.

पातं सगळ्यात शेवटी बघा. सगळे पात्यावर भुलतात आणि बनवणाराही तिथेच मेहनत करतो. आधी मूठ उलटी धरा, आतल्या बाजूने बघा, जिथे बोटं जातात तिथे. घडीव मुठीत पट्टी आणि दांडी वेगवेगळी घडवून जोडलेली असते. सांध्यात पितळेची झाळ असेल तर पिवळी रेघ दिसेल. आजचं वेल्डिंग असेल तर खवल्याखवल्यांची माळ दिसते. ती कानशीने घासून वर काळा रंग मारतात, पण आतल्या कोपऱ्यात कानस नीट पोचत नाही. बिडाची ओतीव मूठ असेल तर साच्याची शिवण कुठेतरी सापडतेच. बाळाच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यावर असते ना, तशी.

मग गंज. गंज वयाचा असेल तर तो हट्टी माणसासारखा असतो, एका जागी खोल, शेजारी काहीच नाही. म्यानाच्या तोंडाशी जास्त, जिथे हात लागत राहिला तिथे गुळगुळीत. ॲसिडात बुडवून आणलेला गंज देवीच्या व्रणांसारखा, सगळीकडे सारखे बारीक खड्डे. नख फिरवलं तरी कळतं.

तिसरं, झीज. झीज हाताच्या ओळखीची हवी. दांड्या तळहाताकडे झिजणार, बाहेरून कमी. दोन्हीकडून सारखी झिजलेली दांडी म्हणजे पॉलिश पेपरचं काम.

दांडी हलते म्हणालात. मला ती खूण वाईट वाटत नाही. नवा माल घट्ट असतो.

इरसाल_कारटं
"नवा माल घट्ट असतो" हे वाक्य मी आमच्या हिच्यासमोर वाचलं नाही, एवढं सांगतो.

दख्खनी_दगड
ऐरण यांनी कारागिराच्या बाजूने सांगितलं, मी जरा इतिहासाकडून येतो.

तीन रिव्हेट आणि दोन पन्हळी वाचून कान टवकारले. दख्खनेत आणि दक्षिणेत सोळाव्या-सतराव्या शतकापासून युरोपी पाती भरपूर येत होती. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि ही वाट रुंद झाली. जर्मनीतल्या झोलिंगेनची पाती इथे यायची, त्यांना इथली मूठ चढायची. आपल्याकडे अशा सरळ तलवारीला 'फिरंग' म्हणतात ते त्यावरूनच. तलवार मोडली की तिचं पातं फेकत नसत. तुकडा कापून कट्यारीला लावत. अशी कट्यार ओळखायची सोपी खूण म्हणजे रिव्हेट. पातं आणि मूठ एकमेकांसाठी घडलेली नसतात, म्हणून मुठीतून निघालेल्या दोन जिभांमध्ये पातं धरून रिव्हेट मारावे लागतात. पन्हळी बघा. कट्यारीसाठीच घडवलेल्या पात्यात त्या मुठीच्या अलीकडे बेताने संपवलेल्या असतात. तलवारीचा तुकडा असेल तर पन्हळ सरळ जिभेखाली शिरते, जणू पुढेही जायचं होतं.

टोक जाड असणंही रास्त आहे. कट्यार वार करायला नव्हे, भोसकायला. मूठ वळून ठोसा मारावा तसा सगळा जोर टोकावर येतो. साखळीचं चिलखत फोडायचं तर टोक जाडच हवं.

नावाचीही गंमत आहे. आईन-इ-अकबरीत याच हत्याराला 'जमधर' म्हटलंय. आपल्या बखरींतली 'जमदाड' त्याच घरातली. यमाची दाढ.

वेलबुट्टी कोफ्तगारी आहे का बघा. सोन्याचा मुलामा आणि कोफ्तगारी यात फरक आहे. कोफ्तगारीत आधी लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून पृष्ठभाग खरबरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. म्हणून सोनं जिथे गेलंय नेमकं तिथेच बघायचं. भिंगातून जाळी दिसली तर काम हाताचं. गुळगुळीत लोखंड दिसलं तर वरून दिलेलं पाणी. पण जाळी दिसली म्हणजे वस्तू जुनी असं मात्र नाही. उदयपूरला आजही कोफ्तगारी करणारे आहेत, आणि उत्तम करतात.

मीठभाकर
म्हणजे जाळी नसली तर बनावट आणि असली तरी ठरत नाही. वा. आमच्या ज्योतिषीबुवांसारखं झालं.

सुपारीचं_खांड
माझा प्रांत अडकित्ते, पण दुखणं तेच, म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता घेतला. 'शंभर वर्षांचा.' झीज होती, काळपटपणा होता, सगळं होतं. घरी आणून सुपारी घातली तर कातरेना. नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की दोन्ही पाती मिटल्यावर मध्ये दोरा जाईल एवढी फट राहते. म्हणजे त्या अडकित्त्याने जन्मात कधी सुपारी कातरलीच नव्हती. बनवणाऱ्याने म्हातारपण सगळं दिलं, तारुण्य द्यायचं विसरला.

तेव्हापासून मी एकच बघते, की वस्तू तिचं काम करू शकते का. कट्यार हातात धरून बघितलीत का? मूठ बसते? शोभेच्या कट्यारींत बोटंच मावत नाहीत किंवा नुसती खुळखुळतात असं ऐकलंय.

आणि बावीस हजारांचा निर्णय घेण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचं तिकीट काढून राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवा. शस्त्रं आहेत, अडकित्ते तर असे आहेत की दोन तास तिथेच जातील. आधी खरं पोटभर बघितलं की खोटं आपोआप खुपायला लागतं.

रानवाट
@सुपारीचं_खांड ताई, धरून बघितली. चार बोटं बसली पण घट्ट. अंगठी काढावी लागली. मला वाटलं, लहान मुलाची किंवा बाईची असेल?

ऐरण
घट्टच हवी. ठोसा मारताना मुठीत कट्यार फिरली तर मनगट मोडेल. बाजूच्या पट्ट्या मनगटाच्या दोन्ही अंगांना टेकल्या पाहिजेत. टेकत होत्या का?

रानवाट
हो! तेच आवडलं खरं तर. हात आणि पातं एकच झाल्यासारखं वाटलं. म्हणून तर अडकलो.

कलमबहाद्दर
रंगाचा बेरंग करायला आलो आहे, तो माझा धंदाच आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलेली धारदार हत्यारं नियमांच्या पाचव्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली तेवढी वगळली आहेत. तुमचं पातं २३ सें.मी., म्हणजे ९ इंचांना खेटून. रुंदी ६ सें.मी.च्या वर, म्हणजे २ इंच केव्हाच ओलांडले. "नारळ फोडायला ठेवलीय" हे कट्यारीबद्दल कुणी ऐकणार नाही. अशा हत्यारांना परवाना लागतो तो कलम ४ खाली, ज्या भागासाठी केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली असेल तिथे. हत्यार पकडल्याच्या बातम्यांत 'कलम ४, २५' वाचता ना, तेच. तेव्हा घेण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत जाऊन विचारा आणि जे सांगतील ते लेखी मागा. फोनवर विचारू नका.

दुसरं, समजा घेतलीत. दुचाकीच्या डिकीत टाकून घरी आणायची नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश शहरांत वरचेवर निघत असतात. नाक्यावर "अहो, ही पेशवाईतली आहे" म्हणून सुटका होत नाही.

तिसरं जास्त मजेदार आहे. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू म्हणजे पुरावशेष. त्यांचा व्यापार करायला दुकानदाराला परवाना लागतो आणि तुम्हाला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून दुकानदाराला एवढंच म्हणा, "अडीचशे वर्षांची ना? मग परवाना दाखवा, आणि बिलावर तसं लिहून द्या."

मीठभाकर
कलमबहाद्दर, धाग्यातली आजवरची सगळ्यात धारदार वस्तू तुमचा प्रतिसाद आहे.

इरसाल_कारटं
९ इंच आणि २ इंच. आमच्या कॉलनीतल्या केकवाल्याला कळवतो.

अप्पा१९५२
तांबड्या रंगाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

रक्त दोन-तीनशे वर्षं तांबडं राहत नाही हो. तासाभरात काळपट पडतं. दुकानदाराने तुम्हाला गोष्ट विकली.

आमच्या घरी कट्यार होती. वडिलांच्या चुलत्यांकडे, देव्हाऱ्याच्या खालच्या फडताळात. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाहेर निघायची. तिच्या शेजारी विळा, कोयती, काकांचा पाना आणि मोटारीची किल्ली. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. शिवाय घरात लग्न निघालं की नवरदेवाच्या हातात हीच. टोकाला लिंबू खोचायचं. माझ्या लग्नात १९७८ साली मी ती दोन दिवस हातात वागवली, जेवतानासुद्धा मांडीला. लिंबाचा रस पात्यावरून ओघळून शर्टाच्या बाहीला लागला होता, ते पिवळे-तपकिरी डाग कधीच गेले नाहीत. आईने तो शर्ट पुढे बोहारणीलाही दिला नाही.

सांगायचं ते असं की सांध्यातलं तांबडं म्हणजे कुंकू असावं. पुसताना पातं पुसतात, सांधे कोण कोरत बसतो?

सुपारीचं_खांड
अप्पा, काय सुंदर लिहिलंत.

आणि कुंकू असेल तर ते ओळखता येतं! जुन्या पद्धतीचं कुंकू म्हणजे हळद आणि चुना. चुन्यामुळे हळद लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. शाळेत विज्ञानाच्या तासाला केलं असेल सगळ्यांनी. सुईच्या टोकाने कणभर खरवडून पांढऱ्या बशीत घ्या, एक थेंब लिंबू. पिवळं झालं तर हळदीचं कुंकू. रासायनिक रंग असेल तर लालच राहील, शेंदूरही तसा पिवळा होणार नाही. पण थेंब बशीत, कट्यारीवर नको!

जुईली
शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन. माझं काम जुन्या वस्तूंच्या जतनाचं, जास्त करून कागद, पण धातूही हातावेगळे केलेत. लिंबू, चिंच, व्हिनेगर, कोला यांपैकी काहीही पात्यावर लावू नका. लिंबाने पोलादावरचं जोहर उठून दिसतं म्हणून लोक करतात. जोहर म्हणजे मुशीत वितळवून बनवलेल्या जुन्या पोलादात दिसणाऱ्या पाण्याच्या लाटांसारख्या रेघा. दिसतंही कधी कधी. पण ते आम्लाचंच काम आहे, नीट धुतलं-वाळवलं नाही तर आठवड्यात नारिंगी गंज.

घेतलीत तर चकचकीत करायचा मोह टाळा. नारिंगी भुकटीसारखा गंज तेवढा काढा. तेल लावून मऊ फडक्याने, फार तर सगळ्यात बारीक स्टीलवूलने. काळा, घट्ट थर राहू द्या, तो पात्याला सांभाळतो. शिवणयंत्राचं तेल चालतं. खोबरेल नको, चिकट होऊन धूळ धरतं. आणि चामड्याच्या किंवा मखमली म्यानात कायमची ठेवू नका, ओल धरते. म्यान वेगळं, कट्यार वेगळी.

दख्खनी_दगड
जोहरावरून आठवलं. हल्ली दोन प्रकारच्या पोलादांचे थर दुमडून घडवलेली नवी पाती 'जुनं जोहरदार पोलाद' म्हणून विकतात. त्यांची नक्षी ठळक, काळी-पांढरी आणि पुन्हा पुन्हा तीच येते, आंब्याच्या लाकडावरच्या रेघांसारखी. खरं जोहर फार बारीक असतं, पातं उजेडात तिरकं फिरवल्यावर दिसतं न दिसतं. तेलंगणातलं कोनसमुद्रम या पोलादासाठी नावाजलेलं होतं, इराणी व्यापारी तिथवर यायचे.

मीठभाकर
एवढं सगळं बघूनही शेवटी 'कुणाची होती' ते कळणार नाहीच. मग बावीस हजार कशाचे? लोखंडाचे?

दख्खनी_दगड
मीठभाकर, 'कुणाची' हा प्रश्न मोठमोठ्यांना सुटत नाही. साताऱ्याच्या संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांसाठी आणलेली वाघनखं घ्या. ग्रँट डफच्या घराण्याकडून ती तिकडे गेली. तो १८१८ पासून साताऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी होता. सोबतच्या पेटीवर मजकूर आहे की ही शिवाजी महाराजांची. तरी लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं की ती हीच, याची खातरजमा करता आलेली नाही. अफजलखानाची भेट १६५९ ची, आणि मजकूर त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेला.

नवा_गडी
म्हणजे तुम्हाला म्हणायचंय काय? महाराजांची नाहीत?

दख्खनी_दगड
म्हणायचंय एवढंच की पेटीवरचा मजकूर पेटीचा पुरावा आहे, आतल्या वस्तूचा नाही.

नवा_गडी
इंग्रजांच्या म्हणण्यावर किती दिवस चालणार आपण?

इरसाल_कारटं
मजकूर इंग्रजाचा, शंकाही इंग्रजाची. आपल्याकडे फक्त भांडण.

धागापाल
वाघनखांवर दोन जुने धागे आहेत, तिथे जा. त्यानंतरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. इथे कट्यारीवरच बोला.

रानवाट
मंडळी, काल जाऊन आलो. वृत्तांत देतो.

खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग, टाचणी, आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून मागून घेतलेली लिंबाची फोड. दुकानदाराने भिंग बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. पण माणूस भला, खुर्ची दिली.

मूठ आधी, ऐरण यांनी सांगितल्याप्रमाणे. एका दांडीच्या दोन्ही सांध्यांत पितळेची पिवळी रेघ स्पष्ट. जी दांडी हलते तिच्या एका टोकाला मात्र खवले आहेत, वर काळा रंग. नखाने खरवडल्यावर रंग सुटला. म्हणजे तेवढं वेल्डिंग अलीकडचं. तळहाताकडची बाजू गुळगुळीत, बाहेर नक्षीची धार अजून बोटाला लागते.

वेलबुट्टी: सोनं उडालेल्या जागी बारीक जाळी दिसली. आधी मला ओरखडेच वाटले. मग भिंग जवळ नेलं आणि एकदम शेत नांगरल्यासारख्या ओळी दिसल्या, त्यांवर दुसऱ्या तिरक्या ओळी. पाच मिनिटं मी नुसता तेच बघत बसलो होतो.

पातं: पन्हळी सरळ जिभांखाली शिरतात, दख्खनी म्हणाले तश्शा. आणि दोन्ही पन्हळी मध्यावर नाहीत, जराशा एका अंगाला सरकल्यात. रिव्हेट तीनपैकी दोन काळे, पृष्ठभागाला लागून बसलेले. तिसरा डोकं वर काढून आहे, करडा, नवा.

मग बशी मागितली. दुकानदाराने चहाची बशी पुसून दिली. टाचणीने मोहरीएवढं तांबडं काढलं, लिंबू पिळलं. तो, त्याचा भाऊ, दुकानातलं पोरगं आणि मी, चार डोकी बशीवर. कडेने पिवळं होत होत आत गेलं. पोरगं म्हणालं, "हळद!" दुकानदार काही बोलला नाही. पण मला वाटतं त्यालाही बरं वाटलं.

शेवटी कलमबहाद्दर यांचा डाव टाकला. "अडीचशे वर्षांची ना? पुरावशेषांचा परवाना दाखवता का, आणि बिलावर लिहून द्याल?"

तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "साहेब, परवानाच पाहिजे असेल तर ती नव्वद वर्षांची आहे."

वय एकशेसाठ वर्षांनी उतरलं. किंमत दोन हजारांनीच. बिलावर काय लिहिणार विचारलं तर "लोखंडी शोभेची वस्तू, नग एक."

इरसाल_कारटं
नव्वद वर्षांची!!! असा डॉक्टर मला का नाही भेटत.

मीठभाकर
झालं ना सिद्ध. मूठ एक, पातं दुसरंच, वेल्डिंग परवाचं, रिव्हेट कालचा. बनावट.

ऐरण
बनावट कशी? बनावट म्हणजे फसवायला नवीन बनवलेली. ही दुरुस्त केलेली आहे. आमच्या आजोबांकडे एक गडी कुऱ्हाड घेऊन यायचा, म्हणायचा आज्याची आहे. दांडा चारदा बदललेला, पातं दोनदा. त्याला कुणी सांगितलं नाही की ती आज्याची नाही.

मीठभाकर
त्या गड्याने ती एकोणीस हजारांना विकायला काढली नव्हती.

दख्खनी_दगड
दोघांचंही बरोबर आहे, पण प्रश्न पात्याचा आहे. तुकडा मुठीला चढला कधी? तीनशे वर्षांपूर्वी चढला असेल तर ते त्या काळचंच काम. गेल्या वीस वर्षांत कुणी भंगारातली मूठ आणि भंगारातलं पातं जमवलं असेल तर मीठभाकर म्हणतात तसं. माझं मत पहिल्याकडे झुकतं, कारण दोन रिव्हेट जुने आणि बसलेले. तिसरा पडला, म्हणून कुणीतरी नवा मारला. पातं नव्याने जोडलं असतं तर तिन्ही सारखे दिसले असते.

मीठभाकर
आणि कुंकू? ते तर मीही लावू शकतो.

सुपारीचं_खांड
लावू शकता. पण विकणारा कुंकू लावेल आणि ते रक्त म्हणून का खपवेल? त्याला ते कुंकू आहे हे माहीतच नव्हतं. म्हणून मला ते खरं वाटतं. वय सांगत नाही ते, पण कुणाच्या तरी घरी पूजेला होती एवढं सांगतं.

मीठभाकर
हं. हे मात्र पटलं.

अप्पा१९५२
आमची कुठे गेली माहीत नाही. चुलते गेल्यावर घर वाटलं गेलं, फडताळ कुणी नेलं ते कुणालाच आठवत नाही. रानवाट, तुमच्या त्या कट्यारीच्या पट्टीवर आतल्या बाजूला पानाच्या आकाराची खूण आहे का? आमच्या कट्यारीवर होती. उगाच विचारतो.

रानवाट
अप्पा, नव्हती. मी पट्ट्या आतून नीट बघितल्या होत्या. सॉरी.

अप्पा१९५२
सॉरी कशाला. हजार कट्यारी असतील.

कलमबहाद्दर
घेतलीत का, ते सांगा. बिल 'शोभेची वस्तू' आणि तुम्हाला माहीत आहे की ती जुनी आहे, हे दोन्ही एकत्र बरं दिसत नाही.

रानवाट
नाही घेतली. आयुक्तालयात अर्ज देऊन आलोय, उत्तर आलं की बघू. दुकानदाराला तसं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "बघा. पण तोवर तिचं वय वाढलं तर मला बोलू नका."

हात रिकामा येईना, म्हणून समई घेतली. साडेतीन हजार, पितळी, भरीव. वय विचारलं नाही.

जुईली
शहाणे झालात. समईला चिंच चालेल, कट्यारीचे नियम तिला लावू नका.

नवा_गडी
चुंबक लावून बघा.

ऐरण
नवा_गडी, इथे मात्र तुमचं चुंबक चालेल. रानवाट, बघाच. पितळेला चिकटायला नको.

रानवाट
फ्रिजवरचं कोल्हापूरच्या देवीचं चुंबक काढून लावलं.

चिकटलं.